मोताळ्याचा ब्राझीलवाला

ये गं पोरी, अशी जवळ बस. तो मोबाईल जरा पालथा ठेव आणि माझ्याकडं बघ. परवा फोनवर तू हसलीस ते मला आवडलं नाही. "मावशी, काकांनी शेवटी फुटबॉल सोडला म्हणे," असं म्हणालीस आणि माझं उत्तर यायच्या आत खुदकन हसलीस. पुण्यात बसून हसायला तुझं काय जातं? इथं त्या एका गोष्टीपायी आमच्या दोन्ही घरांत तीन दिवस भाजी अळणी होत होती. तेव्हा आता सगळं ऐकूनच घे, आणि मग हसायचं तिथं हस.

माझं तर ठाम मत आहे की, ब्राझील देशाची सुखदुःखं खुद्द ब्राझीलमधल्या माणसांनीही इतकी भोगली नसतील, जितकी माझ्या धाकट्या दिरानं मोताळ्यात बसून भोगली. भाऊजी महाराष्ट्राची वेस ओलांडून कधी गेले असतील तर बऱ्हाणपूरपर्यंत, तेही एका लग्नाला, आणि तिथलं पाणी बाधलं म्हणून दुसऱ्या दिवशी परत. पण ब्राझीलच्या कुठल्या गावात पाऊस पडला की इकडं यांना शिंक यायची. जिनमध्ये, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या गिरणीत, कारकून म्हणून चिकटले त्या काळात ते गावच्या टीमकडून फॉरवर्ड खेळायचे. म्हणजे सगळ्यांच्या पुढं राहून गोल मारायचा तो गडी. जिनच्या मालकाकडं रंगीत टीव्ही आला आणि त्या टीव्हीत भाऊजींना ब्राझीलचा एक फॉरवर्ड दिसला. त्यांच्याच वयाचा, तसाच काळासावळा, तसाच काटकुळा. त्यानं चार जणांना चकवून गोल मारला आणि इकडं भाऊजी कापसाच्या गाठीवरून उठून उभे राहिले. घरी येऊन आम्हांला म्हणाले, "वहिनी, याचं आन माह्यं नशीब एकच हाये. पाह्यजा तुम्ही."

तेव्हापासून तो माणूस आमच्या घरात राहायला आला असंच समज. त्याचं नाव मला कधी नीट घेता आलं नाही. माझी धाकटी जाऊ, म्हणजे भाऊजींची बायको, तर नावच घ्यायची नाही. "सवतीचं नाव कशाले घेऊ तोंडानं," म्हणायची. म्हणून आमच्याकडं तो नुसता 'तो'. 'त्याचा आज सामना हाये', 'त्याले काल ताप होता', असं सुनेच्या माहेरचं बोलावं तसं बोलणं चालायचं.

भाऊजी खेळायचे कसे म्हणशील तर सुंदरच खेळायचे. फक्त आयुष्यात त्यांनी कुणाला बॉल दिला नाही. पायात आला की तो त्यांचा. आमचं मैदान म्हणजे बाजाराची मोकळी जागा, तिला ना हद्द ना रेघ. एकदा ते सगळ्यांना चकवत निघाले, मग रेफ्रीला चकवलं, मग कांद्याची पोती चकवली, आणि बॉलसकट एसटी स्टँडवर पोचले. कंडक्टर म्हणाला, "बसता का भाऊ, बुलढाणा हाये." मागून त्यांचे गडी ओरडत होते, "काऊन बे, आमाले बॉल देतं का नाही?" भाऊजींचं उत्तर तयार, "तोही देत नाही कोणाले." गोल झाला की 'तो' जसा नाचायचा तसं हे नाचायचे, आणि समोर प्रेक्षक म्हणून वांगी घेऊन बसलेल्या म्हाताऱ्या. त्यांनी बिचाऱ्यांनी एवढं वांग्यासाठी कुणी नाचलेलं पाहिलं नव्हतं. गिऱ्हाईक समजून भाव कमी करायच्या.

मग एकदा 'त्याचा' घोटा दुखावला. पेपरात दोन ओळी आल्या, पण पाय डावा की उजवा ते छापलं नव्हतं. भाऊजींचे पाय दोन्ही धडधाकट, तरी लंगडायला लागले. कुठल्या पायानं लंगडावं हे ठरेना, म्हणून काही दिवस डाव्या, काही दिवस उजव्या. हाडवैद्यानं बोट लावलं की दुखणं दुसऱ्या पायात पळायचं. तो शेवटी म्हणाला, "माय, याच्या पायात नाही, याच्या पेपरात मोच हाये." पुढं 'त्यानं' केस पिवळे केले. आमच्याकडं तेव्हा तसला रंग कुठला मिळायला? भाऊजींनी मेंदी लावली आणि पुतण्याच्या लग्नात कोल्ह्यासारखे तांबूस होऊन उभे राहिले. फोटोत मागच्या रांगेत आहेत बघ, सगळे नवरीकडं बघायचं सोडून त्यांच्याकडं बघताहेत.

'तो' निवृत्त झाला तेव्हा लाखभर माणसं रडली म्हणे. भाऊजीही त्याच आठवड्यात निवृत्त झाले. बाजाराच्या मैदानाला त्यांनी हात हलवत शेवटची फेरी मारली. रडायला आम्ही दोघी जावा होतो, आणि खरं सांगायचं तर आम्ही हसू दाबायला पदर तोंडाला लावला होता. धाकटीनं घरी आल्यावर विचारलं, "जिनमध्ये तं उद्या जायचंच हाये, मंग रिटायर कशातून झाले तुम्ही?" भाऊजी म्हणाले, "तुले नाही समजायचं." ते खरं होतं. तिलाच काय, कुणालाच समजलं नाही.

निवृत्त झालेला 'तो' काही वर्षांनी मॅनेजर झाला. म्हणजे स्वतः खेळायचं नाही, कडेला उभं राहून खेळवायचं. झालं. भाऊजींनी लग्नातला कोट काढला. तुला घाटाखालचा उन्हाळा माहीत नाही. इथं वैशाखात कुत्रीसुद्धा सावली बदलताना विचार करतात. त्या उन्हात हे कोट घालून, हाताची घडी घालून, तोंडात लवंग चघळत, गावच्या पोरांना खेळवायला मैदानाच्या कडेला उभे. कारण 'तो' तसाच उभा राहतो, काहीतरी चघळत. सामना संपला की आमच्या ओट्यावर पत्रकार परिषद. आम्ही दोघी भुईमुगाच्या शेंगा सोलत बसलेलो असायचो, त्याच पत्रकार.

"हां, विचारा," भाऊजी खुर्चीवर टेकून म्हणायचे.

मी आपलं त्यांचं मन राखायला विचारायची, "आज गोल काऊन खाल्ले भाऊजी?"

"चांगला प्रश्न हाये वहिनी. पोट्टे जागेवर नव्हते. पुढचा?"

धाकटी मान वर न करता, "गहू दळून आणले का?"

"त्याचा खेळाशी संबंध नाही. पुढचा."

"मंग पोळ्यांचाही खेळाशी संबंध नाही," ती म्हणायची, आणि परिषद तिथं संपायची.

पण खरी मौज पुढं आहे. मॅनेजरच्या धंद्यात म्हणे टीम हरली की मॅनेजरला काढतात. 'तो' फॉरवर्ड मोठा होता, पण मॅनेजर म्हणून बेताचा असावा, कारण त्याला सारखे काढायचे. या देशातून काढलं की त्या देशात, तिथून काढलं की तिसरीकडं, कधी वाळवंटात, कधी बर्फात. आणि त्याला तिकडं काढलं की भाऊजी इकडं राजीनामा द्यायचे. त्यांना कुणी काढलेलं नसायचं, कारण त्यांना कुणी नेमलेलंच नव्हतं. तरी सकाळी पेपर वाचून ओट्यावर यायचे आणि जाहीर करायचे, "वहिनी, आपलं संपलं." मग 'त्याला' नवी नोकरी लागेपर्यंत मैदानाकडं पाठ. पोरं बिचारी सामना ठरवायच्या आधी पेपर बघायची, ब्राझीलवाल्याची नोकरी टिकून आहे ना, म्हणून.

पुढं पोरं मोठी झाली, कुणी नाशकाला गेलं, कुणी तुमच्या पुण्याला. टीमच उरली नाही. तेव्हा मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाईंनी भाऊजींना विचारलं, आमच्या मुलींना शिकवाल का? भाऊजी जिनमधून रिटायर झालेले, म्हणजे या खेपेला खरोखरचे. ते गेले. पहिल्या दिवशी फळ्यावर बाण काढून पाठच्या फळीनं एका रेषेत कसं सरकायचं ते शिकवू लागले. पोरी जांभया द्यायला लागल्या. मग भाऊजींच्या ध्यानात आलं की या सगळ्या सुट्टीच्या दिवशी आयांबरोबर सोयाबीन निंदायला जाणाऱ्या. निंदणात प्रत्येक बाई आपापली पात धरते, म्हणजे आपल्या वाटची लांबोडी पट्टी, आणि सगळ्याजणी एका ओळीत बसून गवत काढत पुढं सरकतात. गप्पा चालायच्या तर ओळ मोडून कशी चालेल? कुणी मागं राहिली तर ज्या पुढं गेल्या त्या वळून येतात, तिची पात हातोहात निंदतात, आणि मग पुन्हा सगळ्या बरोबर. भाऊजी एवढंच म्हणाले, "पोट्ट्याहो, पात धरून चाला." बस. त्या दिवसापासून त्यांची ओळ अशी सरळ झाली की समोरच्या पोरी धावत येऊन त्या ओळीत अडकायच्या. गोल त्या फारसे मारत नव्हत्या, पण खातही नव्हत्या. असं करत करत यंदा आमच्या पोरी जिल्ह्याच्या फायनलला पोचल्या. भाऊजी मॅनेजर म्हणून आजवर काहीही जिंकले नव्हते. त्यामुळं घरात त्या आठवड्यात नवसासारखं वातावरण. धाकटीनं कोट स्वतः धुतला.

आणि त्याच आठवड्यात 'त्यानं' जाहीर केलं की आता फुटबॉल कायमचा सोडला. काढलं नव्हतं कुणी. स्वतःच सोडला. आता आपल्या शेतावर जाऊन गाई पाळणार म्हणाला.

भाऊजी ओट्यावर आले, पण खुर्चीवर बसले नाहीत. पायरीवरच बसले. म्हणाले, "वहिनी, आता खरंच संपलं."

"भाऊजी, तीन दिवसांवर फायनल हाये."

"त्यानं सोडला. मी कसा चालू ठेवू? इतक्या वर्षात त्याच्या पुढं एक पाऊल टाकलं नाही म्या."

"मंग आता काय करान?"

"गाय घेईन म्हंतो."

आतून धाकटी बाहेर आली. "दोन खोल्यात गाय? पलंगाले बांधता का तिले? मी उठून गोठ्यात जाऊ?"

तू फोनवर हसलीस ती हीच बातमी ऐकून ना? आम्हीही आधी हसलो. आजवर किती राजीनामे पाहिले होते आम्ही. पण दुसऱ्या दिवशी भाऊजी सरावाला गेले नाहीत, तिसऱ्या दिवशी गेले नाहीत, आणि लवंगसुद्धा मागितली नाही, तेव्हा धाकटीचा चेहरा उतरला. भाजी निवडता निवडता मला हळूच म्हणाली, "बाई, आधी हे रुसत होते. आता थकून राह्यले. या पोट्ट्या हातच्या गेल्या तं यांच्याजवळ काय राह्यते?" खरंच होतं ते. माझा दीर घरात नुसता बसलेला मी कधी पाहिला नव्हता, आणि पाहायचाही नव्हता.

फायनलच्या दिवशी मोठ्या बाईंनी दोन जीपा केल्या. पोरींबरोबर आम्ही दोघी भाकरी-ठेच्याचं गाठोडं घेऊन निघालो. कॅप्टन रुपाली, उंच, सावळी, वेणी कमरेपर्यंत, ती जीपमध्ये चढेचना. "सर?" म्हणून विचारत राहिली. धाकटी म्हणाली, "तुह्ये सर गाय पाहून राह्यले." पोरी हसल्या, पण ड्रायव्हरशेजारची जागा त्यांनी घाट चढून बुलढाण्याला पोचेपर्यंत रिकामीच ठेवली. मागं एकमेकींच्या मांडीवर बसल्या, पण तिथं कुणी बसलं नाही.

सामना सुरू झाला. समोरच्या पोरी शहरातल्या, एकसारख्या बुटांच्या. त्यांनी लवकरच एक गोल मारला. आणि मग रुपालीला संधी आली, अशी की माझ्यासारख्या अडाण्यालाही कळावी. बॉल तिच्या पायात, समोर फक्त त्यांची गोलकीपर, बाकी सगळ्या मागं. मारायचा नुसता. पण रुपालीनं मागं वळून पाहिलं. आमची वैशाली, सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत हळू, ती बरीच मागं राहिली होती. रुपाली थांबली. बॉलवर पाय ठेवून, तिची वाट पाहत, शेतात थांबावी तशी थांबली. तेवढ्यात कुणीतरी बॉल नेला. सगळं मैदान हसलं. एक मास्तर तर म्हणाला, "बस येणार आहे का हो इथं?" धाकटीनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो पुढं सामनाभर उभाच राहिला, बसला नाही.

मध्यंतराला पोरी लिंबूपाणी पीत खाली बसल्या होत्या. आणि कुंपणाच्या फाटकातून भाऊजी आत आले. कोट नाही, पायात घरच्या चपला, शर्टाची बटणं वरखाली लागलेली.

धाकटीनं विचारलं, "इकडं कुठी?"

"गाय पाहाले आलो होतो. वाटेत मैदान लागलं."

"आज बुलढाण्यात बैलबाजार असते का?"

"नसते, ते आल्यावर समजलं," भाऊजी म्हणाले आणि पोरींकडं गेले. मीही मागं मागं गेले, कारण मला भीती होती की ते रागावतील. रुपाली रडत उठली. "सर, मी थांबली. माह्यानं थांबल्या गेलं."

भाऊजींनी तिला खाली बसवलं. जन्मात कुणासाठी न थांबलेला माणूस तो. मग म्हणाले, "थांबली ते बरं केलं. मी नाही थांबलो कधी, म्हणून एकटाच स्टँडवर पोचलो." पोरींना ते काही कळलं नाही. भाऊजींनी नाक पुसलं आणि विचारलं, "निंदणात जे बाई मागं राह्यते, तिले कुठी बसवता?"

"मधात," पोरी म्हणाल्या. "दोन्हीकडून ओढाले सोपं जाते."

"मंग वैशालीले मधात घ्या. सगळ्यात पुढं. आन तिच्यासंगं चाला."

पुढचं मी कसं सांगू तुला. तसला फुटबॉल बुलढाण्यानं पाहिला नव्हता आणि पुन्हा पाहणार नाही. सगळ्यांत हळू चालणारी पोरगी सगळ्यांत पुढं, आणि बाकीच्या तिच्या दोन्ही अंगांनी, सांभाळत, ढकलत, बोलत. समोरच्यांना अडवावं कुणाला ते समजेना. त्या गर्दीत बॉल कुणाच्या तरी पायाला लागला, मग वैशालीच्या नडगीला लागला, आणि जाळ्यात गेला. वैशालीला ते कळायला वेळ लागला. ती विचारत होती, "कोणाचा झाला?" धाकटी शेजारच्या अनोळखी बाईच्या गळ्यात पडली होती.

बरोबरी झाली. आता पोरींना चव लागली. शेवटी शेवटी पुन्हा बॉल मिळाला तशा सगळ्या निघाल्या, पुढच्या, मधल्या, मागच्या, आणि आमची गोलकीपरही. तिनं एकटीनं मागं काय करायचं? तीही आली मदतीला. भाऊजी कडेला ओरडत होते, "तू नाही, तू नाही," पण ते कोण ऐकणार. समोरच्यांपैकी एकीनं लांबून बॉल मारला. तो टप्पे खात, रमत गमत, आमच्या रिकाम्या गोलात गेला. सगळं मैदान त्याच्याकडं बघत होतं, अडवायला कुणीही नव्हतं. शिट्टी वाजली.

हरलो आपण, पोरी. तिथं हसायचं असेल तर हस.

भाऊजी मात्र हसले नाहीत. त्यांनी शर्टाची बटणं नीट लावली आणि बाजूला ताठ उभे राहिले. त्यांना माहीत होतं पुढं काय असतं. इतकी वर्षं पेपरात तेच वाचलं होतं, हरला की काढतात. मोठ्या बाई लगबगीनं आल्या तसे भाऊजी म्हणाले, "मॅडम, समजलो मी."

"काय समजलात?" बाई म्हणाल्या. "दोघी तिकडं नळावर गेल्या आहेत, त्यांना आधी आणा. घाटात अंधार व्हायला नको." आणि निघून गेल्या.

भाऊजी तिथंच. त्यांना वाटलं बाई घाईत विसरल्या. मग रुपाली आली, डोळे सुजलेले, बूट हातात. "सर, सोमवारी सकाळी का संध्याकाळी?"

"काय?"

"सराव."

भाऊजींनी माझ्याकडं पाहिलं, धाकटीकडं पाहिलं. आम्ही दोघी गाठोडं बांधण्यात फार गुंतलो होतो. "आपण हरलो ना व," ते तिला म्हणाले.

"हाव. म्हणून तं विचारून राह्यली."

ते म्हणाले, "सकाळी." मग नळाकडं गेले, राहिलेल्या दोघींना आणायला.

तर हे असं आहे. सोडला नाही त्यांनी. 'त्यानं' सोडला, यांनी नाही. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. 'तो' तिकडं गाईंत रमला असेल, त्याची बातमी येत नाही आता. भाऊजी पेपराचं खेळाचं पान अजून आधी उघडतात, वरून खालपर्यंत बघतात आणि घडी घालून ठेवतात. परवा पायरीवर बसून मला म्हणाले, "वहिनी, आजवर तो पुढं असे. काय करायचं ते दिसे. याच्या पुढं काय असते, मले माहीत नाही." मी म्हटलं, "भाऊजी, मले तरी कुठी माहीत हाये? मीही पह्यल्यांदाच म्हातारी होऊन राह्यली." त्यावर ते मोकळं हसले, बऱ्याच दिवसांनी.

म्हणून म्हणते, आता गेलीस की परत लवकर ये. सणावाराला नको, तेव्हा सगळेच येतात आणि कुणाशी बोलणं होत नाही. अशीच एखाद्या साध्या दिवशी ये. मलकापूरला उतरलीस आणि एसटी मिळाली नाही, तर स्टेशनातच बाकावर बस. भाऊजी येतील घ्यायला. हल्ली त्यांना कुणाला तरी घ्यायला जाणं फार आवडतं.